जुने कपडे कोणाला द्यायचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात पर्यावरणपूरक जीवनशैलीची शपथ घेण्यात आली. शपथेच्या आधी आठ दिवस प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि दैनंदिन सवयींची एक छापील यादी हातात ठेवली. मराठीची प्राध्यापिका म्हणून ती सोप्या, गोड मराठीत उतरवून फलकावर लावण्याचे काम माझ्याकडे आले. 'गोड' हा शब्द प्राचार्यांचा. त्या निमित्ताने ही यादी मला चार-पाच वेळा वाचावी लागली, आणि वर्गात एखादी संहिता वाचावी तशीच मी ती वाचत गेले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून निघाला आहे.

ही यादी केंद्र सरकारच्या 'मिशन लाइफ' मोहिमेतील 75 कृतींची. 2021 च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत या कल्पनेचा उच्चार झाला व 20 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातेत केवडिया, म्हणजे आजचे एकतानगर, येथे मोहीम सुरू झाली. वीज, पाणी, प्लास्टिक, अन्न, कचरा, आरोग्य आणि ई-कचरा असे तिचे सात विभाग आहेत. वातानुकूलन यंत्र 24 अंशांवर ठेवा. लाल दिव्यापाशी गाडीचे इंजिन बंद करा. झाडांना, गाड्यांना नळीने पाणी न मारता बादली वापरा. बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. जेवायला लहान ताट घ्या. काचेच्या रिकाम्या बरण्या पुन्हा वापरा. जुने कपडे, जुनी पुस्तके दान करा.

यातली एकही गोष्ट चुकीची नाही, हे आधीच सांगून टाकते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते ज्या मराठवाड्याने पाहिले त्या मराठवाड्यातली मी आहे. पाणी जपून वापरावे हे मला शिकवायला फलकाची गरज नाही आणि ते खोटे आहे असेही मी म्हणणार नाही. परंतु कविता शिकवताना आपण विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारतो : बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण? हाच प्रश्न या यादीला विचारून पाहावा. तिच्यातल्या 'तुम्हां'जवळ गाडी आहे, वातानुकूलन यंत्र आहे, मोठे ताट आहे आणि ताटात टाकून देण्याइतके अन्न आहे. या सगळ्या आज्ञार्थी क्रियापदांचा कर्ता एकच, आणि तो प्रथम पुष्कळ बाळगतो, मग थोडे कमी करतो. ज्याच्याजवळ कमी करण्यासारखे काही नाही तो या वाक्यांत येतच नाही. आपल्या देशाचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आणि अमेरिकेचे चौदाच्या आसपास, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते दोन टन ही सरासरी आहे. सरासरी हा फार सोयीचा शब्द. आमच्या वस्तीची काटकसर तो गाडीवाल्याच्या खात्यावर जमा करून टाकतो.

आता 'जुने कपडे दान करा' हे वाक्य पाहा. यात देणारा आहे, वस्तू आहे, क्रिया आहे. घेणारा मात्र नाही. व्याकरणात संप्रदान असते, येथे ते गाळलेले आहे. हे गाळणे सहज घडलेले असेल, कोणी मुद्दाम केलेले नसेल. परंतु आपल्या भाषेत आणि आपल्या समाजात ही जागा कधीच रिकामी नव्हती. ती कोणाची हे मनुस्मृतीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावे याची यादी येते : उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातले फोल आणि जुनेपुराणे सामान. त्याच अध्यायात चांडाळाच्या वाट्याला मेलेल्यांची वस्त्रे व फुटक्या भांड्यातले जेवण येते. पुनर्वापराची इतकी काटेकोर, इतकी शतके टिकलेली व्यवस्था जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. तिच्यात काही वाया जात नव्हते, कारण वरून खाली सरकणाऱ्या प्रत्येक टाकाऊ वस्तूला जन्मानेच ठरलेला एक घेणारा होता.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून पाहताक्षणी जात ओळखू येते ते सोडा, मेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, असा त्या बोलण्याचा रोख होता. उष्ट्याला आणि टाकाऊला नकार देण्यापासून आपल्या चळवळीची सुरुवात झाली. तेव्हा माझ्या आजीच्या पिढीने दुकानातून घेतलेले कोरे लुगडे आणि आजच्या मॉलमधली खरेदी एकाच मापाने मोजता येणार नाही. त्या कोऱ्या लुगड्यात एका माणसाचे 'नाही' होते.

हे ध्यानात ठेवून आपल्या आत्मकथनांकडे वळावे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) संतामाय शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, वाळवून दळते आणि त्या पिठाची भाकरी होते. शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांचे उरलेले अन्न मिळते, तो प्रसंगही याच पुस्तकातला. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर प्रेतांबरोबर पुरलेले सोने उकरून काढतो, कोल्ह्यांशी झुंजतो आणि शेवटी हाताची बोटे गमावतो. शहरातल्या एखाद्या व्याख्यात्याने 'शून्य कचरा' हा शब्द उच्चारला की मला ही दोन माणसे आठवतात. संतामायच्या घरात कचरा शून्यच होता! ज्यांना 'पूर्वी घरात काही वाया जात नसे' अशी हळहळ वाटते, आणि रविवारच्या पुरवण्यांत आजीच्या स्वयंपाकघराविषयी अशी हळहळ पुष्कळ छापून येते, त्यांनी त्या पूर्वीच्या घराच्या मागल्या दारी कोण टोपले घेऊन उभे होते तेही लिहावे. खेड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत जे ऐकवले त्याचा जोर अजून ओसरलेला नाही.

येथवर लिहिणे सोपे होते. प्रस्थापितांचे दोष दाखवताना आपली लेखणी धावते. अवघड भाग पुढे आहे, कारण तो आपल्या समीक्षेविषयी आहे.

या सर्व पुस्तकांकडे आपण वेदना, नकार आणि विद्रोह या तीन खिडक्यांतूनच पाहत आलो. ते आवश्यक होते. प्रस्थापित समीक्षा या लेखनाला साहित्य मानायलाच तयार नव्हती तेव्हा तो लढा देणे भाग होते. पण त्या घाईत या पुस्तकांतील स्त्रियांना जे येत होते, त्यांचे जे ज्ञान होते, ते सगळे आपण 'दारिद्र्याचे चित्रण' या एका शीर्षकाखाली टाकून मोकळे झालो. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) घ्या. कोकणातली आई बांबूची सुपे, टोपल्या विणते. विणता विणता घर चालवते. लेखिकेने आपल्या लेखनाची वीण त्या विणण्याशी जोडली आहे, आणि पुस्तकाचे नावच तिथून आले आहे. 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिला पर्याय म्हणून ज्या वस्तूंची आठवण निघाली त्या या आईच्या हातच्या. मात्र त्याच पुस्तकात टोपली पोचवायला गेलेल्या मुलीच्या टोपलीवर आधी पाणी शिंपडले जाते आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकले जातात. वस्तू निसर्गाला पूरक, हात मात्र विटाळाचा. या दोन गोष्टी एकाच प्रसंगात आहेत आणि एकीला सोडून दुसरी वाचता येत नाही. आपण आजवर दुसरीच वाचली. शहरातली हस्तकलेची दुकाने पहिलीच विकतात.

मग संतामायचे दाणे आणि 'आयदान'मधल्या आईचे सूप यांत फरक कसा करायचा? मला वाटते, कसोटी अशी लावता येईल : सक्ती गेल्यावरही ते काम माणूस करील काय? शेणातले दाणे संतामायने एक दिवसही अधिक वेचले नसते. त्याला कौशल्य म्हणणे हा अपराध होईल. बांबू ओळखणे, कामट्या काढणे, वीण घट्ट ठेवणे हे मात्र ज्ञान आहे, मग ते जातीने लादलेले का असेना. ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, हेही कबूल करते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (2015) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद आहे. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या त्यात आहेत. चान्या वर्षभर टिकत, त्यांना शीतपेटी लागत नसे. ते ज्ञान की सक्ती? वाळवण्याची युक्ती ज्ञान, आणि ते मांस कुठून आले हा प्रश्न सक्तीचा. एकाच घासात दोन्ही. अशा ठिकाणी समीक्षकाने घाई करू नये.

आणि आपणही आता केवळ सोसणारे राहिलेलो नाही. आमच्या नोकरदार पिढीने दोन दुचाक्या, चारचाकी, मोठा फ्रीज घेतला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचे झेंडे, पाण्याची पाकिटे आणि पत्रावळी रस्त्यावरून कोण गोळा करते? महापालिकेच्या सफाई खात्यात कोण आहे हे आपल्याला माहीत आहे. आपल्याच जयंतीचा कचरा आपल्याच माणसांनी उचलायचा, आणि त्यावर कोणी बोलायचे नाही! हे वाक्य काही वाचकांना टोचेल. टोचावे.

त्या 75 कृतींपैकी मला मनापासून पटलेली एक आहे : ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच 2008 साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. सभासदांत स्त्रिया बहुसंख्य, आणि त्यांतल्या बहुतेक दलित. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातले गाव सोडून आलेल्या घरांतल्या कितीतरी. या बायकांनी नागरिकांना एक साधी गोष्ट सांगितली : वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमच्या हाताला कळेल. कचरा टाकणाऱ्याला कचरा उचलणारी दिसावी लागते, तेव्हाच तो ठिपका काढला जातो. हीही सवयच आहे आणि तिला अर्धे मिनिट लागते. पण या वाक्यात संप्रदान आहे, समोर एक हात आहे. सरकारी यादीत मात्र हेच वर्गीकरण हातावाचून येते. जणू वेगळा केलेला कचरा आपल्या पायांनी चालत जातो.

माझ्या घरातले एक सांगते. माझी आई उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, माझ्याकडे राहायला आली तेव्हा बरोबर एक वाकळ घेऊन आली. तिच्या दोन लुगड्यांची आणि वडिलांच्या धोतराची. मी नुकतीच कायम झाले होते. दुकानातून मऊ रजई आणली आणि वाकळ माळ्यावर टाकली. तिने काही म्हटले नाही. पुढे एकदा एक सहकारी बाई घरी आल्या. त्यांनी शहरातल्या दुकानातून हाताने शिवलेली गोधडी बऱ्याच किमतीला घेतली होती आणि तिचे वर्णन त्या कौतुकाने करीत होत्या. जुन्या कापडाची, निसर्गाला पूरक. आई ऐकत होती. माळ्यावर आमची वाकळ आहे हे मी त्यांना सांगितले नाही. का सांगितले नाही याचे नीट उत्तर मला अजून देता येत नाही. लाज वाटली हे खरे, पण ती वाकळीची होती की तिला माळ्यावर टाकल्याची, हे मला तेव्हा कळले नाही.

फलकासाठी यादी उतरवत असताना मी आईला एकेक वाक्य वाचून दाखवले. बादलीचे ऐकले, पिशवीचे ऐकले. बरण्यांचे ऐकून म्हणाली, "हे कुणाला सांगायलेत गं?" कपड्यांच्या वाक्याशी ती थांबली. "जुने कपडे देऊन टाका म्हणतेत. आपण कुणाला द्यायचे?" मी म्हटले, "आई, आता आपणही देऊ शकतो. आपल्याकडेही जुने कपडे उरतात." ती म्हणाली, "उरत्यात, पर दुसऱ्याचं अंगावर घालताना कसं वाटतंय ते मला म्हाईत हाय."

फलकावर मी ते वाक्य बदलून लिहिले : कपडा फाटेपर्यंत आपणच वापरा, आणि फाटल्यावर त्याची वाकळ शिवा. प्राचार्यांनी वाचले. "मॅडम, दानाचं राहिलं की," असे म्हणून त्यांनी शिपायाकडून खडू मागवला आणि खाली स्वतःच्या अक्षरात मूळची ओळ लिहिली. दोन्ही ओळी महिनाभर तशाच एकाखाली एक होत्या.