पद रिक्त, काम चालू : महापालिकांच्या काटकसरीची भाषा आणि समान संधी

महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘आस्थापना खर्च’ नावाचे एक लेखाशीर्ष असते. वेतन, भत्ते, निवृत्तिवेतन असा माणसांवर होणारा खर्च तिथे मांडलेला असतो. हा खर्च ३५ टक्क्यांच्या आत असावा, अशी महाराष्ट्र शासनाची अपेक्षा असते आणि ही मर्यादा ओलांडलेल्या पालिकेला नवी पदे मंजूर करून घेणे अवघड जाते. मग निवृत्त झालेल्या सफाई कामगाराची जागा भरली जात नाही. कागदावर पद रिक्त राहते. रस्ता मात्र रोज झाडावाच लागतो. तो झाडणारा माणूस ठेकेदाराकडून येतो आणि त्याच्यावरचा खर्च सेवा, परिरक्षण, कचरा वाहतूक अशा दुसऱ्या शीर्षाखाली जातो. पैसा पालिकेच्याच तिजोरीतून जातो, झाडूही तिच्याच रस्त्यावर फिरतो. बदललेले असते ते फक्त लेखाशीर्ष.

या बदलाकडे आपण बहुधा हिशेबाची बाब म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, समान संधीचे वचन नेमके याच ठिकाणी तुटते, आणि ते तुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण या व्यवहाराची भाषाच तशी घडवलेली आहे.

आधी पालिकांची बाजू समजून घेतली पाहिजे. त्यांची अडचण खोटी नाही. जकात हा त्यांच्या हातातला रोखीचा, रोजचा कर होता. राज्यातल्या महापालिकांत २०१०पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. २०१५मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विरली. बदल्यात राज्याकडून भरपाई मिळू लागली. पण स्वतः वसूल केलेला कर आणि दुसऱ्याकडून येणारा हप्ता यांत फरक असतो. वेतन आयोग लागू झाला की वेतनाचा आणि निवृत्तिवेतनाचा भार वाढतो. मालमत्ता कर वाढवण्याचे धाडस नगरसेवक सहसा करीत नाहीत. अशा वेळी आयुक्ताने पदभरती थांबवली, तर त्याला दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही.

पण चणचण हेच ठेक्याचे एकमेव कारण असते, तर मुंबईत ठेका रुजलाच नसता. या महापालिकेचे २०२३-२४चे अंदाजपत्रक ५२ हजार कोटींवर होते आणि तिच्या मुदतठेवींची चर्चा तर नेहमीचीच. तरीही कचरा उचलणारे हजारो हात तिने वर्षानुवर्षे ठेक्यावर ठेवले. तेव्हा काटकसर हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. ती कोणावर करायची, याची निवडही त्यात असते.

मंजूर पदाबरोबर एक अख्खी व्यवस्था येते. जाहिरात निघते, पात्रता ठरते, बिंदुनामावली तपासली जाते. राज्याच्या २००४पासून लागू झालेल्या आरक्षण कायद्याने ठरवलेले ५२ टक्के, महिलांसाठीचे ३० टक्के समांतर आरक्षण, दिव्यांगांचे ४ टक्के, हे सारे पदाला चिकटलेले असते. पदाचे रूपांतर ‘सेवे’त झाले की यातले काहीही उरत नाही. निविदेत झाडायच्या रस्त्याची लांबी असते, गाड्यांच्या फेऱ्या असतात. माणूस कोण, हा प्रश्न ठेकेदारावर सोपवलेला असतो. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होत असे, म्हणजे काम लहान लहान गटांत तोडले की कायद्याबाहेर जाता येई. २०२०च्या नव्या संहितेत ही संख्या ५० झाली आहे. पळवाट आणखी रुंद झाली.

६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा सुशिक्षित तरुणांत संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. आरक्षण बुडते हा त्या वेळचा मुख्य आक्षेप होता आणि तो रास्तच होता. मात्र सफाईच्या कामात हेच कितीतरी आधीपासून चालू होते. त्यावर एवढा गदारोळ कधी झाला नाही.

कारण उघड आहे. झाडूच्या कामात कोणाला वाटा मागायचा नव्हता. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४पर्यंत नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार गटार व मलटाकी कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले होते. टेबलाजवळच्या खुर्चीसाठी आरक्षणावर वाद होतात. मॅनहोलसाठी होत नाहीत. तिथे जातीने आपले जुने आरक्षण आधीच राखून ठेवलेले आहे. म्हणून सफाईचे पद ठेक्यावर जाते तेव्हा दुहेरी नुकसान होते. काम त्याच जातींकडे राहते, पण त्या कामाबरोबर येणारी कायम नोकरी, रजा, निवृत्तिवेतन आणि मुलांच्या शिक्षणाला मिळणारा आधार निघून जातो.

भाषेचा मुद्दा मुंबईच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी आखलेल्या योजनांत झाडणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ आणि त्याच्या मजुरीला ‘मानधन’ म्हटले गेले. मानधन हा आपल्याकडे व्याख्यात्याला, लेखकाला देण्याचा आदराचा शब्द. इथे त्याचा उपयोग किमान वेतन टाळण्यासाठी झाला, कारण स्वयंसेवकाला वेतन नसते, रजा नसते, मालकही नसतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २७०० कामगारांच्या वतीने लढा दिला, तेव्हा महापालिकेचे म्हणणे हेच होते की, ही आमची माणसे नव्हेत. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४मध्ये ठेका हा देखावा असल्याचे मानले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूने कौल दिला. पुढे नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांमुळे अनेकांची पडताळणी रखडली. ज्यांची नावे नीट लिहून घेण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, त्यांच्याकडेच नावाचा पुरावा मागितला गेला.

न्यायालयांची भूमिकाही सरळ रेषेत गेलेली नाही. २००६च्या उमादेवी निकालात घटनापीठाने सांगितले की, रीतसर भरती टाळून घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, कारण त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या इतरांची समान संधी हिरावली जाते. तत्त्व निर्दोष होते. पण मागच्या दाराने माणसे घेणारे प्रशासन पुढे हाच निकाल ढालीसारखा वापरू लागले. भरती टाळली प्रशासनाने आणि शिक्षा झाली झाडणाऱ्याला. २०२४च्या ‘जग्गो’ निकालात, म्हणजे केंद्रीय जल आयोगाकडच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या गैरवापरावर बोट ठेवले. २०२५मध्ये ‘धरम सिंग’ प्रकरणात तर आर्थिक चणचण हा न्याय्यतेवर मात करणारा मंत्र नव्हे, असे त्याने बजावले.

आता या विवेचनाला छेद देणारी बाजू. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. २०२३मध्ये शासनाने याविषयीचे आदेश एकत्र केले आणि हक्काच्या व्याप्तीचा वाद उच्च न्यायालयात गेला. खुल्या स्पर्धेच्या कसोटीवर वारसाहक्काची नोकरी टिकणे कठीण. शिवाय झाडू बापाकडून मुलाकडे सोपवण्याची रीत जातिव्यवस्थेचीच. पण ठेक्याच्या काळात कायम नोकरीचे हे एकच दार ज्यांच्यासाठी उघडे आहे, त्यांना ते बंद करायला कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या मते दोष वारसाहक्काचा कमी आणि त्यापुढे शिडी नसण्याचा जास्त आहे. पदवीधर मुलगाही वारस म्हणून झाडूच हाती घेतो आणि बहुधा तिथेच निवृत्त होतो.

पुण्याने वेगळी वाट शोधली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचक महिलांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. ठेकेदार गेला, कष्टकरी स्वतः संस्थेच्या मालक झाल्या, ही कमाई मोठी आहे. परंतु त्यांचे उत्पन्न घरटी शुल्कावर आणि भंगारावर चालते. पालिकेच्या आस्थापना खर्चात त्या नाहीत, म्हणून निवृत्तिवेतनातही नाहीत. काटकसरीचा भार इथेही कचरा उचलणाऱ्यांनीच पेलला आहे, फक्त अधिक सन्मानाने.

नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई होते आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ती वाट तेव्हाही विरळाच होती. तरी खालच्या पायरीवरच्या माणसाला वरची पायरी निदान दिसत होती. ठेकेदाराच्या माणसाला पायरीच नसते. निविदा संपली की त्याची सेवाही शून्यावर येते.

तिजोरी लहान असली तरी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ठेक्यावरच्या माणसांचा खर्च आस्थापना खर्चातच मोजावा, म्हणजे ३५ टक्क्यांचा आकडा खरा तरी होईल. अंदाजपत्रकासोबत ठेक्यावरील कामगारांची संख्या, स्त्रियांचे प्रमाण आणि सामाजिक प्रवर्ग छापावेत. वारसाहक्काने आलेल्याला त्याच्या शिक्षणानुसार लिपिक, चालक, निरीक्षक होण्याची वाट ठरवून द्यावी. यांतल्या पहिल्या दोन सूचनांना छपाईच्या कागदापलीकडे खर्च नाही. तरीही त्या अमलात येत नसतील, तर अडचण तिजोरीची आहे असे निदान म्हणू नये.