पर्सिअसचा आवाज: काय ऐकलं, काय राहिलं

2022 साली नासाच्या चंद्रा दुर्बिणीच्या चमूने पर्सिअस दीर्घिकासमूहाचा ‘आवाज’ प्रसिद्ध केला. व्हॉट्सॲपवर तो ‘कृष्णविवराची किंकाळी’ म्हणून फिरला. आईनेही नाशिकहून पाठवला आणि विचारलं, ‘‘हे खरंच असं वाजतं का रे?’’

उत्तर लिहायला बसलो, तर हो आणि नाही, दोन्ही म्हणावं लागलं.

हो, कारण समूहातल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. अतिशय विरळ, पण एकूण वस्तुमान सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. मधल्या कृष्णविवराचे झोत या वायूत बुडबुडे फुगवतात आणि दाबाच्या लाटा उठतात. 2003 मध्ये चंद्राच्या क्ष-किरण चित्रात त्या दिसल्या. सूर म्हणाल तर पेटीवरची काळी पाच, फक्त मधल्या सप्तकाच्या 57 सप्तकं खाली! एका लाटेला साधारण एक कोटी वर्षं.

नाही, कारण हे रेकॉर्डिंग नव्हे. चित्रातल्या लाटा 57 आणि 58 सप्तकं वर उचलल्या आणि रडारच्या काट्यासारखं गोल फिरत ऐकवल्या. म्हणजे क्लिपमध्ये पुढे सरकतो तो काळ नाही, दिशा बदलतेय. हे निवेदनात लिहिलंय, पण क्लिप फॉरवर्ड होते, निवेदन होत नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. हा वायू सतत क्ष-किरण फेकतो, म्हणजे गाभा केव्हाच थंड व्हायला हवा होता. तसं झालेलं दिसत नाही. मग त्याला ऊब देतंय कोण? 2016 मध्ये हितोमी उपग्रहाने मोजलं, तर गाभ्यातली खळबळ सेकंदाला जेमतेम 164 किलोमीटर निघाली. इतक्या संथ खळबळीने ऊर्जा दूरवर पोचणं कठीण. ध्वनिलहरी याच्या कैक पट वेगाने जातात, म्हणून त्यांच्यावर गंभीरपणे विचार होतो. थोडक्यात, ही किंकाळी नसून चुलीतली फुंकर असू शकते. फुंकर पुरेशी आहे का, हाच तर वाद आहे. आणि क्लिपमधला आवाज किती मोठा ठेवायचा हे आपण ठरवलेलं, त्यामुळे त्याचं उत्तर तिथे मिळत नाही.

तरी क्लिप हवीच. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनाही या लाटा पोचल्या, हे काही थोडं नाही. आईला एवढंच लिहिलं: लाटा खऱ्या, सूर खरा, भीती आपली.