धातूचा पृष्ठभाग आणि अस्थिसंधान : एक परीक्षण

मोडलेले हाड धातूच्या पट्टीने, स्क्रूने किंवा सळईने जागच्या जागी धरून ठेवण्याचा उपचार आता सर्वत्र रूढ झाला आहे. रायगडच्या किनारपट्टीत त्याचे प्रयोजन वारंवार पडते. मुंबई-गोवा महामार्ग याच जिल्ह्यातून पनवेल, पेण, माणगाव, महाड असा जातो. चौल-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत माडा-पोफळीवर चढणाऱ्या गड्याचे पाऊल एकदा जरी निसटले तरी हातपाय मोडतात. आणि होडीच्या ओल्या फळीवर उभे राहून जाळे ओढणाऱ्या कोळ्याचे पाय हेच त्याचे भांडवल असते. अशा माणसाला शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न एकच असतो : पायावर भार केव्हा द्यावयाचा? जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मेअखेर नडगीचे हाड मोडले, तर ते सांधण्यास साधारणतः चार महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि नारळी पौर्णिमेनंतरचा ऐन हंगाम हातचा जातो. रोपित धातूच्या पृष्ठभागावर विशेष संस्कार केल्यास हाड लवकर भरून येते, असे विधान ज्या वेळी केले जाते, त्या वेळी ते या हंगामाच्या हिशेबानेही तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या विषयाचा आरंभ एका अनपेक्षित घटनेतून झाला. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचे निरीक्षण करीत असता, हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण पुढे काढता येईना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ साली त्यांनी याच तत्त्वावर एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसविले. टायटॅनियमच्या अंगावर हवेच्या संपर्काने अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. शरीरातील द्रव खारट असूनही त्या पापुद्र्यामुळे धातू गंजत नाही, आणि हाडाच्या पेशीही त्याला परका मानीत नाहीत. म्हणजे हाडाची गाठ पडते ती धातूशी नव्हे, तर धातूच्या पृष्ठभागाशी. हे लक्षात आल्यावर त्या पृष्ठभागावर संस्कार करण्याच्या प्रयोगांना बहर आला, हे स्वाभाविकच होय.

हे संस्कार मुख्यतः दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीत वाळूसारख्या कठीण कणांचा मारा करून किंवा आम्लात बुडवून पृष्ठभाग खडबडीत करतात. दुसरीत हाडाच्या खनिजाशी सजातीय असलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटचा थर धातूवर चढवितात. खडबडीतपणाचा गुण असा की, जखमेतील रक्त गोठल्यावर त्याचे तंतू पृष्ठभागास घट्ट धरून राहतात, अस्थिजनक पेशी त्या तंतूंवरून थेट धातूपर्यंत पोचतात, आणि हाड धातूपासूनही बाहेरच्या बाजूस वाढू लागते. गुळगुळीत पृष्ठभागावरून ते तंतू सुटून येतात व हाडाला दुरूनच वाढत यावे लागते. डॅनिएल बुझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला लहान जातीच्या डुकरांवरील प्रयोग या बाबतीत प्रमाण मानला जातो. त्यात विद्युत्-प्रक्रियेने चकचकीत केलेल्या पृष्ठभागाशी हाडाचा संपर्क सरासरीने २० ते २५ टक्के होता. मोठ्या कणांचा मारा करून नंतर आम्लाने कोरलेल्या पृष्ठभागाशी तो ५० ते ६० टक्के, आणि हायड्रॉक्सिॲपटाइटच्या थराशी ६० ते ७० टक्के आढळला. हा शेवटचा थर मात्र शरीरात झिजत असल्याची चिन्हे त्याच प्रयोगात सातत्याने दिसून आली. दंतवैद्यकात खडबडीत पृष्ठभागाचा लाभ निर्विवाद आहे. खुंटावर दात बसविण्यापूर्वी पाळावयाचा अवधी त्यामुळे सुमारे १२ आठवड्यांवरून ६ आठवड्यांवर आणता आला.

येथवरचा भाग मान्य करण्यास कोणाचीच हरकत नसावी. आक्षेप आहे तो याच्या पुढील अनुमानावर. हाडाने धातूला धरणे ही एक क्रिया आहे आणि मोडलेल्या हाडाच्या दोन टोकांनी एकमेकांना धरणे ही दुसरी. या विषयावरील लेखनात ‘अस्थिसंधान’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि पहिल्या क्रियेचा पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा होतो. जबड्यातील खुंट किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा यांचे यश पहिल्या क्रियेवर अवलंबून असते, म्हणून तेथे पृष्ठसंस्काराला महत्त्व आहे. नडगीतील सळईचे काम निराळे आहे. ती हाड जुळेपर्यंत त्याला आधार देते. तिच्या अंगाला हाड कितीही चिकटले, तरी चार बोटे दूर असलेली भेग त्यामुळे लवकर भरून येण्याचे कारण नाही. ती भेग भरणे हे तेथील रक्तपुरवठा, टोकांची जुळणी आणि स्थैर्य यांवर ठरते.

स्थैर्याचा मुद्दा तर पहिल्या क्रियेलाही तितकाच लागू आहे. पिलियार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले की, हाड व सच्छिद्र धातू यांच्यामधील हालचाल २८ मायक्रॉनपर्यंत असेल तर हाड आत वाढते. ती १५० मायक्रॉन किंवा अधिक झाली तर हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होते. आल्ब्रेक्ट्सन व सहकाऱ्यांनी १९८१ सालीच धातू व हाड यांच्या सांध्यासाठी सहा अटी सांगितल्या होत्या : द्रव्य, आकार, पृष्ठभाग, हाडाची अवस्था, शस्त्रक्रियेचे तंत्र आणि भाराची परिस्थिती. पुढील संशोधनात या सहांपैकी तिसरीच अट इतकी फुगली की उरलेल्या पाच तिच्या आड गेल्या. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. प्रयोगशाळेत पृष्ठभाग बदलणे आणि मोजणे सोपे आहे, शल्यविशारदाचा हात मोजणे कठीण आहे.

मापनाच्या पद्धतीतही असाच सोयीचा मार्ग दिसतो. कोकुबो यांनी रूढ केलेल्या कृत्रिम देहद्रवात धातूचा तुकडा बुडवून त्यावर ॲपटाइटचे स्फटिक धरले, की तो पृष्ठभाग हाडास अनुकूल ठरविण्याची रीत पडली. बोनर व लमेत्र यांनी २००९ साली या कसोटीच्या मुळावरच शंका घेतली. तिच्यावरून देहातील वर्तनाचे भाकीत खात्रीने करता येत नाही, हे त्यांनी साधार मांडले. बशीतून सशात आणि सशातून माणसात येताना असे कितीतरी गुण गळून पडतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदवही याची साक्ष देते. तिच्या आधारे २०१० व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हायड्रॉक्सिॲपटाइटचा थर दिलेल्या वाट्या पुन्हा बदलाव्या लागण्याचा धोका अधिक आढळला, आणि मांडीच्या हाडातील दांड्यांच्या टिकाऊपणात थरामुळे फरक दिसला नाही.

म्हणून पृष्ठसंस्कार व्यर्थ आहेत, असा निष्कर्ष काढणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होईल. बाहेरून लावावयाच्या चौकटीच्या खिळ्यांवर हायड्रॉक्सिॲपटाइटचा थर दिल्यास ते हाडात अधिक घट्ट राहतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तेथे खिळ्याची पकड हाच प्रश्न असल्याने उपायही नेमका लागू पडतो. उलट जी पट्टी किंवा स्क्रू वर्ष-दोन वर्षांनी काढून घ्यावयाचे असतील, त्यांना हाड घट्ट धरून बसले तर दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते. तेथे चकचकीत पृष्ठभागच इष्ट. शिवाय जो खडबडीतपणा पेशींना थारा देतो, तोच जंतूंनाही देतो. पृष्ठभागासाठी पेशी आणि जंतू यांची शर्यत लागते, ही ग्रिस्टिना यांनी १९८७ साली मांडलेली कल्पना उघड्या अस्थिभंगात विशेष ध्यानी ठेवावी लागते. रस्त्याची माती जखमेत गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत जखम वेळेवर व नीट धुतली जाणे हे कोणत्याही लेपापेक्षा अधिक मोलाचे असते.

सारांश, पृष्ठभाग चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणत्या कामासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या हाडात, हे आधी सांगितले पाहिजे. या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने संपर्काच्या टक्केवारीवर न थांबता रुग्ण कितव्या आठवड्यात आधाराविना चालू लागला, याचीही नोंद मागितली पाहिजे. ती नोंद मिळविण्यास सूक्ष्मदर्शकापेक्षा चिकाटी अधिक लागते. रुग्णाच्या गावापर्यंत जावे लागते. परंतु किनाऱ्यावरील माणसाच्या प्रश्नाचे उत्तर तीच देऊ शकते. त्याला हाड धातूला किती चिकटले हे जाणून घ्यावयाचे नसते. होडीत पुन्हा केव्हा उभे राहता येईल, एवढेच हवे असते.