अबीर गुलाल आणि उंबरठा

अबीर गुलालाच्या अभंगावर बोलायचं म्हटलं की दोन्हीकडून दगड येतात. आपल्या चळवळीतली पोरं म्हणतात, देव सोडला, आता देवाची गाणी कशाला उकरता? आणि आषाढीला पहाटे चारला कर्णा लावणारे म्हणतात, भक्तीत जात काढू नका. दोघांनाही एकच विचारायचंय. बाबांनो, तो अभंग तुम्ही पहिल्या ओळीच्या पुढं कधी वाचलाय का?

आषाढी एकादशीचा अख्खा सण त्या पहिल्या ओळीतल्या रंगावर चाललाय. जितेंद्र अभिषेकींनी तो गायला. गळा मोठा, चाल अशी की ऐकणारा आपोआप डुलतो. आमच्या गिरणीतसुद्धा त्या दिवशी सकाळपाळीला जॉबरच्या मोबाईलवर तेच वाजत असतं. रंग उधळला जातो, देव नाचतो, माणूस खूश. आणि लगेच पुढच्या कडव्यात उंबरठा येतो. जातीनं खाली ढकललेला माणूस सांगतो की ते लाकूड शिवायची मला मुभा नाही, मग दर्शन व्हायचं कसं? भक्तिगीत चाललेलं असताना मधेच हा सवाल. पण भजनाची रीत अशी की प्रत्येक कडवं संपलं की धृपद परत येतं. सवाल विचारून होतो न होतो तोच टाळ वाजतात आणि पुन्हा गुलाल. सवालावर गुलाल पडला की सवाल दिसत नाही. यात गाणाऱ्याचा दोष मी काढत नाही, रीतच तशी आहे. पण समीक्षकाला तर डोळे आहेत ना? आमचे पांढरपेशे रसग्रहणवाले या अभंगाला आर्त म्हणतात, नम्र म्हणतात, आणि पान उलटतात.

मी हा अभंग जागांचा अभंग म्हणून वाचतो. त्यात कोण कुठं उभा आहे ते बघा. देव एका घरात नाचतोय. मग उंबरठा. त्याच्या अलीकडं पायरी, जिथं बसून गायचं. मग वाळवंट, जिथं नाचायचं. शेवटी नदीचं पाणी. एकेक कडवं माणूस देवापासून एकेक पाऊल मागं सरकतोय आणि तोंडानं आनंद झाला म्हणतोय. गावाचा नकाशा काढून दिलाय कवीनं. महारवाड्याची वाट ज्यानं तुडवलीय त्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही.

आणि घर कुणाचं? नाथाचं. नाथ म्हणजे पैठणचे एकनाथ असं सगळे धरून चालतात, आणि तेच बरोबर दिसतं. ज्यांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता अशी कथा आहे, ते एकनाथ. आता साधा हिशेब करा. चोखामेळा गेला १३३८ साली. एकनाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा. मधे दोनशे वर्षं. मग चोख्यानं नाथाघरचा देव पाहिला कसा? म्हणजे हा अभंग चोख्याचा नसणार. मागाहून कुणीतरी लिहिला आणि चोख्याची नाममुद्रा घातली. आमचे विद्वान असल्या अभंगाला प्रक्षिप्त म्हणून बाजूला सारतात. मला मात्र तो यामुळंच जास्त जवळचा वाटतो. दोनशे वर्षांनीसुद्धा कुणाला तरी तेच गाऱ्हाणं मांडायचं होतं आणि त्यासाठी चोख्याचंच नाव घ्यावंसं वाटलं. आणि देव नाचायला पैठणच्या ब्राह्मणाच्या वाड्यात! एकनाथ माणूस चांगला. श्राद्धाचं अन्न त्यांनी आधी महारांना वाढलं अशी कथा सांगतात. पण चांगल्या माणसाच्या घरालासुद्धा उंबरठा असतोच.

वाळवंटात सगळे एक होतात, एकमेकांच्या पाया पडतात, हे वारीबद्दल नेहमी सांगितलं जातं. पडतात, खोटं नाही. पण वाळवंट म्हणजे देवळाबाहेरची जागा. समता तिथं, आणि मूर्ती आत. वारीत तरी काय होतं? इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या. 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख वाचा. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे बाईंनी पाहिलं, त्यांना ते खुपलं, आणि त्यांनी ते लिहिलं. मात्र त्या लेखातून लोकांनी उचललं काय? पंढरीला जाणारी माणसं म्हणजे महाराष्ट्र, ही व्याख्या तेवढी. ती भाषणात छान दिसते. वेगळ्या पंगती लेखातच राहिल्या.

आता पायरी. नामदेव पायरीखाली आहे, चोखामेळा तिच्यासमोर देवळाबाहेर. वारकरी आधी चोख्याच्या समाधीला हात लावतात, मग पायरीला, मग आत. पहिला मान चोख्याला, असं प्रवचनकार अभिमानानं सांगतात. मान कसला? संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवानं पायरी स्वतः मागून घेतली म्हणतात. चोख्याला कुणी विचारलं होतं? तो मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होता. कूस कोसळलं, खाली महार मजूर गाडले गेले, त्यात हा. हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं म्हणून नामदेवानं त्याची हाडं ओळखली अशी कथा आहे. ज्या हाडांतून आवाज आला नाही ती कुणाची होती? त्यांची नावं कुठल्या गाथेत नाहीत. मी गिरणीत काम करतो म्हणून मला त्या कथेत आधी अपघात दिसतो, चमत्कार नंतर. गावाला गावाबाहेर ठेवलेल्याकडूनच कूस बांधून घ्यायचं, आणि ते त्याच्याच अंगावर पडायचं.

१३३८ पासून ते दार आपल्याला उघडायला १९४७ चा मे महिना उजाडला, तोही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे नऊ वर्षं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्यानं काढले, तर कोर्टकज्जा २०१४ पर्यंत चालला. एवढं सगळं त्या एका उंबरठ्यासाठी. आणि सणाच्या दिवशी त्यावर गुलाल.

सण काय उचलतो आणि काय टाकतो हे सोयराबाईतही दिसतं. ती चोख्याची बायको. तिचा रंगाचा अभंग किशोरी आमोणकरांनी गायला, तो घराघरात गेला. पण हीच बाई दुसरीकडं विचारते, विटाळ देहातूनच जन्मतो, तर सोवळा देह आणायचा कुठून? सोवळं नेसून पूजा करणाऱ्याच्या तोंडावर मारलेली ही चपराक आहे. ती काकड्याला कुणी लावत नाही. नवऱ्याचाही रंग घेतला, बायकोचाही रंगच घेतला.

आणि पोरगा कर्ममेळा. त्याला तर सणात जागाच नाही. जन्मभर उष्ट्यावर जगवलंस, त्याचं तुला काही वाटत कसं नाही, असं तो देवालाच विचारतो. बाप सवाल विचारून पायरीशी बसतो, पोरगा बसत नाही. माझ्या मते या घरातला सगळ्यात ताठ कवी हाच. त्याला ना धड संत म्हणून मिरवता येतं, ना भक्त म्हणून कुरवाळता येतं.

आता आपल्या पोरांसाठी. चोख्यात लाचारी आहे, मान्य. जोहार घालून उष्टं मागणारे अभंग वाचताना माझंही रक्त तापतं. जोहार टाकून जय भीम आला तो उगीच नाही. पण बाबासाहेबांकडं बघा. १९३५ ला येवल्याला धर्म सोडायची घोषणा केली, आणि त्यानंतर १९४८ ला 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. १९५६ ला दीक्षा दिली. देवाला नकार दिला त्या माणसानं चोख्याला नकार दिला नाही. आपण मात्र देवाबरोबर आपला कवीही देवळात ठेवून आलो, आणि तिथं तो त्यांच्या धृपदाखाली दाबला गेला.

आपल्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीच्या गळ्यात अजून तुळशीची माळ दिसते. पोरं हसतात. हसू नका. तिला सोयराबाईचा विटाळाचा अभंग वाचून दाखवा, बघा काय म्हणते.

आणि जलसेवाल्यांना, शाहिरांना एक काम. कर्ममेळ्याचे अभंग थोडेच आहेत. चाल लावा. ढोलकी घ्या, डफ घ्या, काय हवं ते घ्या. फक्त धृपद परत परत घेऊ नका. सवाल संपला की थांबायचं. पुढचे चार ठोके रिकामे जाऊ द्यात.