लेझर पृष्ठसंस्करण : कठीणतेपलीकडील कसोटी

जेट इंजिनांत वापरला जाणारा इन्कोनेल 718 हा निकेलाधारित मिश्रधातू उच्च तापमानातही बळ टिकवतो. यंत्रणास मात्र तो अवघड ठरतो. त्याची उष्णतावाहकता साध्या कार्बन पोलादाच्या सुमारे पाव असल्याने कापताना उष्णता हत्याराच्या धारेशीच साचते. अशा धातूंवरील लेझर पृष्ठसंस्करणाच्या अभ्यासांत यशाचे माप बहुधा वाढलेली कठीणता हेच असते. हे माप अपुरे आहे.

लेझरने पृष्ठ वितळून पुन्हा गोठले, की नायोबियमच्या विलगीकरणातून ठिसूळ लाव्हेस प्रावस्था निर्माण होऊ शकते. लगतच्या तापबाधित पट्ट्यात बलवर्धक अवक्षेप विरघळून धातू मऊ पडतो. शिवाय आकुंचनामुळे उरलेले ताण-प्रतिबल भेगांना वाट करून देते. याउलट लेझर आघात-संस्करणात पृष्ठ न वितळता आघात-तरंगामुळे सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत दाब-प्रतिबल निर्माण होते व थकवा-आयुष्य वाढते. तथापि उच्च तापमानात हे प्रतिबलही अंशतः शिथिल होते. म्हणून प्रत्यक्ष वापराच्या तापमानातील थकवा-चाचणी हीच खरी कसोटी होय.

खंडाळा तालुक्यातील शिरवळची औद्योगिक वसाहत, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (1960) व सांगलीचे वालचंद महाविद्यालय (1947) एकाच पट्ट्यात आहेत. कठीणता काही मिनिटांत मोजता येते. थकवा-चाचणीस आठवडे लागतात. या पट्ट्यात उच्च तापमानाच्या थकवा-चाचणीची एक सामायिक सोय उभी राहिली, तर पदव्युत्तर प्रबंधांतील निष्कर्ष कारखान्याच्या उपयोगी पडतील. अन्यथा कठीणतेचे आकडे वाढत राहतील; भाग किती काळ टिकेल, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.