प्रतिकृती घ्या, पण तिची वंशावळ विचारून

जपानी लाकडी छापचित्रांवर काम करायचं मनात असेल तर एक सोपा वाटणारा प्रश्न आधी स्वतःला विचारून बघा: यातलं ‘मूळ’ चित्र कोणतं?

तैलचित्राच्या बाबतीत उत्तर सरळ असतं. राजा रविवर्म्याने रंगवलेला कॅनव्हास हे मूळ, आणि त्यावरून निघालेला ओलिओग्राफ ही प्रतिकृती. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला त्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुतेक याच परंपरेतली. कॅनव्हासवरचा तैलरंग आणि कागदावरचा शिळाछाप ही माध्यमंच वेगळी, त्यामुळे अस्सल कोण आणि नक्कल कोण यात घोळ होत नाही.

हिरोशिगेच्या पावसाच्या चित्राकडे या. ‘एदोची शंभर प्रसिद्ध ठिकाणं’ या मालिकेतलं, १८५७ सालचं, पुलावरून धावणाऱ्या माणसांचं चित्र तुम्ही कुठल्या तरी मगावर नाहीतर मोबाइलच्या कव्हरवर नक्की पाहिलंय. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये त्याची तैलरंगात नक्कल केली, तेच. चित्रकाराने पातळ कागदावर रेखाटन करायचं, कोरक्याने ते चेरीच्या लाकडी ठोकळ्यावर पालथं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं, अशी इथली पद्धत. म्हणजे रेखाटन कोरण्यातच संपतं. उरतात ते ठोकळे आणि त्यांवरून निघालेल्या शेकडो, कधी हजारो प्रती. त्या सगळ्याच अस्सल, आणि कुठल्याही दोन तंतोतंत सारख्या नाहीत.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळायला हवं, कारण आपण पोथ्यांच्या जगातून आलोय. ज्ञानेश्वरांच्या हातचं काही उरलेलं नाही. प्रती आहेत, त्यांच्यात पाठभेद आहेत, आणि एकनाथांनी १५८४ मध्ये त्या तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली. ‘ज्ञानेश्वरीत असं म्हटलंय’ एवढं लिहून आपण थांबत नाही, कोणती प्रत ते सांगतो. मग चित्रावर लिहिताना ‘हिरोशिगेने आकाश असं रंगवलं’ हे वाक्य प्रतीचा उल्लेख न करता कसं काय चालतं?

पाठभेद चित्रातही असतात

पावसाच्या त्या चित्राच्या सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये पलीकडच्या काठाशी दोन होड्या दिसतात. नंतरच्या प्रतींमध्ये त्या गायब आहेत. वरच्या काळ्या ढगाची कड, पाण्यातल्या निळ्याचा उतार, शीर्षकाच्या चौकटीचे रंग हेही प्रतीगणिक बदलतात. रंगाचा हा उतार छपाई करणारा हाताने साधतो: ओल्या ठोकळ्यावर रंग ब्रशने विरळ करत न्यायचा, याला बोकाशी म्हणतात. म्हणजे आकाशातला काळोख हा चित्रकाराइतकाच त्या दिवशीच्या छपाई कारागिराचा, आणि किती प्रती किती घाईत काढायच्या हे ठरवणाऱ्या प्रकाशकाचाही.

होकुसाईच्या ‘लाटे’चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. साधारण १८३१ सालच्या या चित्राच्या शंभराहून जास्त प्रती ब्रिटिश म्युझियमच्या कॅप्युसीन कोरेनबर्ग यांनी शोधून एकमेकींशी ताडून पाहिल्या. ठोकळा झिजतो, बारीक रेघा तुटतात, आणि एकदा तुटलेली रेघ परत जुळत नाही. शीर्षकाच्या चौकटीची रेघ कुठे तुटली आहे यावरून कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे लावता येतं. यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी लागणारी ही पद्धत आहे, एम.ए.चा विद्यार्थीसुद्धा ती समजून घेऊ शकतो.

आणि याच चित्राच्या आकाशात फिकट गुलाबी ढग होता. कित्येक प्रतींमध्ये तो उजेडाने उडून गेलाय. आता समजा कुणी पोस्टर समोर ठेवून ‘होकुसाईच्या रिकाम्या आकाशाचं सौंदर्यशास्त्र’ असं प्रकरण लिहिलं. भाषा सुंदर असेल, संदर्भ झेनचे असतील. पण जो रिकामेपणा तो विद्यार्थी वाचतोय तो एखाद्या संग्रहातल्या उन्हाने तयार केलेला असू शकतो. तोंडी परीक्षेत एका प्रश्नात ते प्रकरण बसेल.

अजिंठ्याला आलेला छापचित्रकार

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) हा चित्रकार मुलगा तोशी याला घेऊन १९३०-३१ मध्ये भारतात आला, आणि त्या प्रवासातून १९३१-३२ मध्ये त्याने भारत व आग्नेय आशियाची छापचित्रमालिका काढली. तिच्यात ताजमहाल, काशी, कांचनजंगा आहेत, तसेच आपले अजिंठा आणि वेरूळही आहेत. मराठी कलासमीक्षेत परदेशी चित्रकारांचा अजिंठा म्हटलं की गिल आणि ग्रिफिथ्स यांच्यावर बोलणं थांबतं. योशिदाला त्या यादीत जागा मिळायला हवी, कारण त्याचा हेतू वेगळा होता. गिल-ग्रिफिथ्स भित्तिचित्रांच्या नकला करत होते. योशिदा प्रवाशाच्या नजरेने जागा आणि तिथला उजेड टिपत होता.

पण मला त्याचं काम कुठे कमी पडतं तेही सांगायला हवं. पहाटेचं धुकं आणि रात्र यांत तो बेजोड आहे. ताजमहालाचं धुक्यातलं चित्र आणि रात्रीचं चित्र त्याने त्याच ठोकळ्यांवरून, फक्त रंग बदलून काढलं. १९२६ च्या शिडाच्या होड्यांच्या मालिकेतही त्याने एकाच दृश्याचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे प्रहर असेच बदलले होते. पण या युक्तीची एक किंमत आहे. उजेड बदलला की आकार तसाच राहतो हे गृहीत धरावं लागतं. जपानच्या दमट, मऊ हवेत ते खपून जातं. दख्खनच्या दुपारी सावली वस्तूचा आकारच कापून टाकते, आणि तो करडेपणा योशिदाच्या स्वभावात नाही. म्हणून त्याचा भारत देखणा असूनही बऱ्याचदा आपल्याला किंचित परका, धुवून काढल्यासारखा वाटतो.

आता हे माझं मत तुम्ही तपासणार कसं? मोबाइलच्या पडद्यावर नाही. एका चित्रासाठी योशिदा तीसेक वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा छपाई करवून घ्यायचा. त्या थरांमधून येणारी खोली पडद्यावर सपाट होते. म्हणून हातात धरता येईल अशी प्रत लागते, आणि आपल्या खिशाला परवडणारी प्रत बहुधा प्रतिकृतीच असते.

विकत घेताना

बाजारात चार गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक, चित्रकाराच्या हयातीतली प्रत. दोन, त्याच ठोकळ्यांवरून नंतर काढलेली प्रत. तीन, नव्याने ठोकळे कोरून हाताने छापलेली प्रतिकृती. तोक्योच्या अदाची संस्थेसारख्या ठिकाणी हे काम आजही चालतं. चार, ऑफसेट किंवा इंकजेट छपाई. चारही घेण्यासारख्या आहेत. फसवणूक होते ती एक सांगून दुसरी दिली की.

ओळखायचं कसं? दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगात ठिपक्यांची जाळी किंवा फवारा दिसला तर ते यंत्राचं काम. हाताच्या छपाईत रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला दिसतो. कागद उलटा करा: रंग मागे उतरलेला असतो, आणि बारेन या घासणीच्या गोल खुणा बऱ्याचदा दिसतात. बॅटरी आडवी धरली तर रेघांपाशी कागद दबलेला कळतो. माप विचारा, ओबान आकार साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटरचा असतो, मग तीन फुटी ‘अस्सल’ लाट कशी काय? योशिदाच्या चित्रात डावीकडच्या समासात ‘जिझुरी’ शिक्का आहे का ते बघा. त्याच्या देखरेखीखाली छपाई झाल्याची ती खूण. मृत्यूनंतरच्या प्रतींवर ती नसते.

ऑनलाइन पोस्टरांवर माझा मुख्य आक्षेप स्वस्तपणाचा नाही. समास कापतात, शिक्के आणि शीर्षकाची चौकट कधी कधी पुसतात, निळा रंग भडक करतात, आणि कोणत्या संग्रहातल्या प्रतीवरून छापलं ते लिहीत नाहीत. म्हणजे प्रतीची ओळख पटवणाऱ्या खुणाच नेमक्या काढून टाकतात. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मोफत खुल्या केलेल्या प्रतिमांमधून एक उतरवा, क्रमांक टिपा आणि चांगल्या कागदावर पिगमेंट शाईत छापून घ्या. ज्या प्रतिकृतीची आई माहीत आहे ती संशोधनाला चालते. बेवारस प्रतिकृती फक्त भिंतीला चालते.

कामोठ्यात जपताना

मी कामोठ्यात राहते. खाडी जवळ, चार महिने हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा, आणि सोसायटीच्या बाहेरच्या भिंतींना ओल. जपानी कागद चिवट असतो, पण बुरशीपुढे आणि कसरीपुढे त्याचं काही चालत नाही.

चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट हवा, आणि तो आम्लविरहित. फ्रेमवाले सवयीने चित्र बोर्डावर पूर्ण चिकटवतात किंवा लॅमिनेशन सुचवतात. दोन्हींना ठाम नाही म्हणा. वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावल्या की पुरे. त्या पुढे पाण्याने सुटतात, सेलोटेपचा डाग सुटत नाही.

उजेडाचं गणित कडक आहे. अशा चित्रांसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास थांबतात. आपल्या बाल्कनीतला उजेड त्याच्या कित्येक पट असतो. प्रशियन निळा बराच तग धरतो, पण जुन्या प्रतींमधला आओबाना फुलाचा निळा आणि करडईचा लाल लवकर उडतो. स्वस्त इंकजेटची डाय शाईही तशीच. चार महिने भिंतीवर, मग फोल्डरमध्ये, असा फेरा ठेवा. ठेवणीतल्या चित्रांसोबत सिलिका जेल ठेवा, डांबरगोळ्या नकोत. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात सगळं एकदा उघडून सावलीत वारा द्या. आपल्याकडे पोथ्यांना आणि पैठण्यांना देतात तसाच.

आणि माउंटच्या मागे, चित्रावर नाही, शिसपेन्सिलीने चार ओळी लिहा: कुठून घेतलं, कधी, वरच्या चारपैकी कोणता प्रकार, कोणत्या प्रतीवरून. काही माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. दहा वर्षांनी ते चित्र दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याच्या हाती गेलं तर त्याचं काम तुमच्या त्या चार ओळींपासून सुरू होईल.

या आठवड्यात एक करून बघा. घरातलं कुठलंही छापील चित्र उतरवा, कॅलेंडरमधला गणपतीही चालेल. भिंग घेऊन त्याच्या छपाईबद्दल फक्त डोळ्यांना दिसतं तेवढं एक पान लिहा. ‘सौंदर्य’ हा शब्द न वापरता.