'ठीक आहे' कोणाचं धरायचं? स्वयंसेवकांच्या सॉफ्टवेअर-चाचणीविषयी



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याला सॉफ्टवेअरचं काय पडलंय, असं काहींना वाटलं असेल. पडलंय ते दोन शब्दांमुळे. फेडोरा नावाची एक मुक्त संगणकप्रणाली आहे, लिनक्सच्या कुळातली. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात असतो आणि रात्रीचं जेवण झाल्यावर, एक पैसा न घेता, तिच्या चाचणीला हातभार लावतो. त्याने आम्हाला तिथली व्यवस्था दाखवली. व्यवस्थेचं नाव 'बोधी', आणि तीत जे गुण मोजतात त्यांना म्हणतात 'कर्म'. हे दोन शब्द आमच्या दारात आणून ठेवल्यावर आम्ही गप्प कसे बसणार?

व्यवस्था अशी. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती झाली की ती आधी चाचणीला ठेवतात. जगभरातले स्वयंसेवक ती आपापल्या यंत्रावर चालवून बघतात. चाललं तर अधिक एक, बिघडलं तर उणे एक. बेरीज ठरलेल्या आकड्याला, सहसा 3 ला, पोचली की आवृत्ती सगळ्यांना खुली. आणि कोणीच काही बोललं नाही तरी, साधारण पॅकेज असेल तर, 7 दिवसांनी ते पुढे पाठवायची मुभा देखभाल करणाऱ्याला असते. डेबियन या दुसऱ्या प्रणालीत तर बेरीजही नाही. सहसा 5 दिवस गेले, नवी गंभीर तक्रार आली नाही, बाकीच्या अटी जुळल्या, की पॅकेज आपोआप पुढच्या टप्प्यात जातं.

आधी कौतुक करू. ज्यांना हुकूम देता येत नाही, ज्यांचा पगार कापता येत नाही, अशा माणसांकडून दर सहा महिन्यांच्या सुमारास नवी आवृत्ती बाहेर काढणं ही गंमत नाही. या व्याख्यानाच्या सतरंज्या घालायला चार माणसं जमवताना काय होतं, ते चिटणीसांना विचारा.

तरी आमची हरकत आहे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी लगेच अट घातली. ती अनुपलब्धी 'योग्य' हवी, म्हणजे घडा असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग 7 दिवस तक्रार आली नाही, हे उजेडातलं न दिसणं की अंधारातलं? बेरीज याचं उत्तर देत नाही.

आपल्या भाषेचंच उदाहरण घेऊ. लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये मुक्त केले, आणि पुढे त्यांची देखभाल तिच्या पुण्याच्या कचेरीतून होत राहिली. आता समजा अशा एखाद्या फाँटची नवी आवृत्ती आली. एक जर्मन, एक ब्राझिलियन आणि एक दिल्लीकर, तिघांनी प्रामाणिकपणे अधिक एक दिला. पण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक आहे, 'आचार्यांना' जेवायला वाढणं आणि 'आचाऱ्यांना' जेवायला वाढणं यांत फरक आहे, हे त्या तिघांपैकी कोणाला ठाऊक? हिंदीत हा आडवा र नाही. त्यातून तो संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला एकच, पण शोधायला गेलं की एक लिहिलेला दुसऱ्यात सापडेलच असं नाही. तिघांचं कर्म जमा झालं, आवृत्ती गेली, आणि मराठी वाचणारा एकही डोळा तिच्यावरून फिरला नाही. न केलेल्या कर्माचं फळ मिळणं याला आपल्याकडे 'अकृताभ्यागम' म्हणतात आणि तो दोष मानतात. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना कर्म मोजता आलं, कर्मसिद्धान्त नाही आला!

या सगळ्यामागे एरिक रेमंड यांनी 1997 मध्ये एका निबंधात मांडलेला विश्वास आहे. बघणारे डोळे पुरेसे असले की कुठलीही चूक लपत नाही, असा त्याचा आशय. मुक्त सॉफ्टवेअरला त्यांनी चक्क बाजाराची उपमा दिली. बाजार आम्हा वडगावकरांना कोणी शिकवू नये. बैल घेताना तीन जणांनी 'झकास आहे' म्हटलं म्हणून कोणी पैसे मोजत नाही. दात कोणी बघितले, चालवून कोणी बघितला, मानेवर जू ठेवून कोणी बघितलं, हे विचारतो. 'ओपनएसएसएल'मध्ये 2012 साली शिरलेली हार्टब्लीड नावाची चूक 2014 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. दोन वर्षं मजकूर सगळ्या जगाला उघडा होता. डोळे पुष्कळ होते, दात बघायची वाटणी कोणी केली नव्हती.

यंत्राकडून तपासावं, असं कोणी म्हणेल. फेडोरात 'ओपनक्यूए' ते करतंही. पडद्यावरचं चित्र आधी ठेवलेल्या चित्राशी ताडून बघतं. पण ते पहिलं चित्र बरोबर आहे, हे ठरवायला डोळे लागतातच.

आम्हाला उपाय त्यांच्याच घरात दिसतो. फेडोरात 'टेस्ट डे' होतात. एक दिवस ठरवायचा, करायच्या तपासण्या आधी लिहून ठेवायच्या, करणारे आणि तपासणारे एकाच गप्पांच्या खोलीत बसायचे, आणि निकाल तक्त्यात भरायचे. भारतीय भाषांसाठीही असे दिवस झाले आहेत. तक्ता आणि बेरीज यांत आम्हाला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. बेरजेत न बघितलेलं दिसत नाही. तक्त्यात रिकामी चौकट राहते, आणि ती रिकामी आहे हे चारचौघांत दिसतं. बोधीतही आता प्रत्येक तपासणीवर वेगळं मत नोंदवायची सोय आहे, नाही असं नाही. पण निर्णय बेरजेवर टेकतो, तिथं आमचं भांडण आहे.

विद्यार्थ्याचं म्हणणं वेगळं पडलं. "सर, फार विचारलं की माणसं येत नाहीत. अधिक एक दाबायला दहा सेकंद लागतात, म्हणून तेवढं तरी करतात." खरं आहे ते. फुकट काम करणाऱ्याला उलटतपासणी नको असते. पण मग त्या दहा सेकंदांना चाचणी म्हणू नये, हजेरी म्हणावं. हजेरीलाही किंमत असते, आम्ही चाळीस वर्षं घेतलीय.

मग त्याला विचारलं, पुढच्या वेळी मराठीच्या ओळीत कोण आहे? म्हणाला, "सध्या मी एकटाच." त्याला सांगितलंय, आमचंही नाव घाल. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डोळे चांगले आहेत.